चांदणी जोंधळ्याची हजेरी

प्रीतीला लहानपणापासून जे दिसत नाही त्याचंच वेड. आष्ट्याला त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत वाकून बघताना बाकीची पोरं आपापली तोंडं बघत, ओरडून आवाज घुमवत. ही मात्र पाण्याखाली अजून किती पायऱ्या असतील याचा विचार करत बसायची. शाळेतल्या बाईंनी प्रगतिपुस्तकात ‘खिडकीबाहेर बघते’ असा शेरा तीन वर्षं ओळीनं लिहिला आणि तिच्या वडिलांनी, जिनदत्त अण्णांनी, तीन वर्षं ओळीनं त्याखाली मुकाट सही केली. ते तरी काय बोलणार? ते स्वतः बांधावर उभे राहिले की बैलं आपली आपण घरी यायची आणि अण्णा तिथंच. “बापाचं ध्यान एकीकडं, लेकीचं दुसरीकडं, आन्‌ माझं भाकरीकडं,” असं प्रीतीची आई, म्हणजे अव्वा, म्हणायची.

अशा मुलीचं पुढं कसं व्हायचं ही काळजी सगळ्या भावकीला होती. झालं ते असं. लग्न होऊन ती सांगलीत विश्रामबागेत आली. नवरा गोमटेश कॉलेजात शिकवतो. साडेनऊला तो बाहेर पडला की घरात ही आणि सासूबाई चंदनबाला, दोघीच. दुपारच्या मोकळ्या वेळात तिनं सहा महिन्यांचा एक ऑनलाईन कोर्स केला आणि तिच्या स्वभावाला इतकं साजेसं काम तिला मिळालं की भावकी गप्पच झाली. लोकांच्या वेबसाईट शोधणाऱ्यांना दिसतात की नाही, आणि दिसत नसतील तर का दिसत नाहीत, हे ती तपासून सांगते. म्हणजे पुन्हा जे दिसत नाही त्याच्याकडंच बघत बसायचं. फक्त आता त्याला काम म्हणतात.

या कामात एक गंमत आहे. वेबसाईटचा मालक रोज सकाळी स्वतःच्या साईटचा पत्ता स्वतः टाकतो, साईट झोकात उघडते, आणि गडी खूश होतो की सगळं जग आपल्याकडं बघतंय. पण जगाला तो पत्ता ठाऊक नसतो. जग शोधतं. आणि शोधताना ज्याचं नाव यादीत नाही, ते असून नसल्यासारखं. प्रीतीकडं निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यात शोधायचे खास हुकूम पेन्सिलीनं लिहिलेले आहेत आणि प्रत्येकाला तिनं घरचं नाव ठेवलेलं आहे. ‘साईट’ हा शब्द, त्याला चिकटून दोन टिंबं, त्याला चिकटून वेबसाईटचा पत्ता, ही झाली ‘हजेरी’. हा हुकूम दिला की गूगल त्या एका साईटची जेवढी पानं त्याच्या नोंदीत आहेत तेवढीच समोर आणून उभी करतं. शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत धरले की तेच शब्द त्याच क्रमानं जिथं असतील तेवढंच मिळतं, तो ‘चिमटा’. एखाद्या शब्दाच्या आधी वजाची खूण लावली की त्या शब्दाचं सगळं खाली गळून जातं, ती ‘चाळण’. कोर्स शिकवणाऱ्या सरांना ही नावं ऐकवली तेव्हा ते हसले होते. पुढं तेही वर्गात ‘चाळण’ म्हणायला लागले.

या भाद्रपदात तिच्याकडं साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका पंपाच्या कारखान्याचं काम होतं. साईटवर पानं चारशे बारा, हजेरीत आली एकसष्ट. पंपांची पानं गैरहजर आणि आठ वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाचे फोटो मात्र सगळे हजर. प्रीती कारखान्याला अहवाल नीट टाईप करून पाठवते, पण त्याआधी तासभर खिडकीशी बसून राहते, कारण गैरहजर पानांचं तिला फार वाटतं. साडेतीनशे पानं कुठंतरी अंगण झाडून, दिवा लावून बसलीत आणि वाटेला कुणी फिरकतच नाही. ऊन पडदा ओलांडून फरशीवर येतं, सरकत सरकत चटईच्या काठाला पोचतं, आणि ती त्या घरांच्या ओळीतून फिरत असते. सासूबाई दोनदा हाक मारतात, तिसऱ्यांदा मारत नाहीत.

जगाच्या हजेऱ्या घेणाऱ्या या बाईनं एका साईटची हजेरी मात्र कधी घेतली नव्हती. ती साईट अण्णांची होती.

अव्वा चिकोडीकडची. लग्नात येताना तिनं ओटीत मूठभर जोंधळा बांधून आणला होता, चांदणी जोंधळा. दाणा टपोरा, पांढरा, आणि लाही फुटली की अशी फुलायची की पाटीत मावायची नाही. नागपंचमीला आख्ख्या गल्लीत यांच्या घरच्या लाह्या जायच्या. पुढं सगळीकडं ऊस आला, अण्णांच्या मळ्यातही आला, पण बांधालगतचे पाच गुंठे त्यांनी चांदणीसाठी ठेवले. अव्वा वारली तरी ठेवले. आपल्या भागात हे बी आता फक्त आपल्याकडंच उरलंय हे एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना झोप लागेना. “एकाच घरात ऱ्हायलं तर एका सालात जाईल गं,” ते प्रीतीला म्हणाले. “चार घरात पायजे.” म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, प्रीती हे काम नुकती शिकायला लागली होती तेव्हा, तिनं त्यांना एक छोटी वेबसाईट करून दिली. पाच पानं. शेताचा फोटो, कणसाचा फोटो, फोन नंबर, पेरणीची माहिती, आणि अण्णांनी स्वतः सांगितलेला मजकूर: चांदणी जोंधळ्याचं बी मागेल त्याला मूठभर देऊ. घेणाऱ्यानं पुढच्या साली मूठभर दुसऱ्याला द्यावं.

आणि अण्णा वाट बघायला लागले. दिवस मावळायच्या आत जेवायचं ही त्यांची जन्माची सवय. त्याआधी ओट्यावर बसून ते मोबाईलवर आपली साईट उघडायचे, आपलाच मजकूर आपणच वाचायचे, आणि लेकीला फोन करायचे. “कोन आलतं का गं?” “नाही अण्णा.” पहिल्या वर्षी रोज विचारलं. दुसऱ्या वर्षी आठवड्यानं. गेल्या साली त्यांनी चांदणी पेरलीच नाही. विचारणंही बंद झालं, आणि ते जास्त वाईट होतं. या नागपंचमीला प्रीती माहेरी गेली तेव्हा ते म्हणाले, “भादव्यातलं पर्व झालं की तेवढं बी दळून आनतो. किडीनं खान्यापेक्षा आपन खाल्लेलं बरं. यंदा ती पाच गुंठंबी उसाला. लोकांस्नी नको असंल तर आपन कुठवर गळ्यात बांधायचं?” शेवटचं वाक्य त्यांनी लोकांवर रागावून म्हटलं होतं. अण्णांना कुणावर रागावताना प्रीतीनं फार कमी बघितलं होतं.

तरीही तिनं हजेरी घेतली नाही. कारण तिला भीती वाटत होती, हे सरळ सांगितलेलं बरं. पाचही पानं ओळीनं हजर आहेत आणि तरी कुणाला ती नकोत, असं दिसलं तर? पंपांचं दिसलं तर अहवाल लिहिता येतो. अव्वाच्या ओटीतल्या दाण्यांचा अहवाल कुठं पाठवायचा?

दशलक्षण पर्वाचा पाचवा दिवस होता, उत्तम सत्याचा. भाद्रपदातले हे दहा दिवस जैनांकडं व्रताचे, रोज एका धर्मगुणाचे. चंदनबालांचं एकाशन होतं, दिवसातून एकदाच जेवण. ते आटोपून त्या प्रीतीच्या शेजारी येऊन बसल्या.

“रोज त्या पेटीत काय बघत असतीस गं? मला तरी दाखव.”

प्रीतीनं पंपवाल्यांची हजेरी दाखवली. चंदनबालांनी स्नेहसंमेलनातल्या साहेबांची टोपी बारकाईनं बघितली, आणि मग म्हणाल्या, “बरं. आता अण्णांची दाखव.”

“त्यांचं काय बघायचं? पाच पानं आहेत.”

“पाच हायत तर पाच दाखव. लोकाच्या पंपाची दाखवतीस की.”

प्रीतीनं शब्द टाकला, दोन टिंबं टाकली, पत्ता टाकला. तिची बोटं चुकली असं तिला वाटलं, म्हणून पुसून पुन्हा टाकला. पडद्यावर तेच आलं: जुळणारं काही सापडलं नाही. पाचातलं एकही पान हजर नव्हतं. नापसंतीचा प्रश्नच नव्हता. अण्णांची साईट यादीतच नव्हती.

तिनं साईटचं आतलं दार उघडलं, सगळी बटणं एकेक करून बघितली, आणि तिसऱ्या पानावर ती खूण तिला दिसली. एका छोट्या चौकोनात बरोबरची खूण. शेजारी लिहिलेलं होतं की शोधणाऱ्यांच्या यादीत ही साईट येऊ देऊ नये.

खूण तिचीच होती. तीन वर्षांपूर्वी, साईट सुरू होऊन तीन आठवडे झाले नव्हते तोवर पर्व आलं. त्या दहा दिवसांत अण्णा शेतात पाय ठेवत नाहीत, नांगर नाही, कुदळ नाही, माती उकरणं नाही, कारण मातीत जीव असतात. “ती जागाबी दहा दिस बंद ठेव बाळ,” ते म्हणाले होते. “आपलं बी बघून ह्या दिसांत कुनी नांगर धरला तर ते आपल्या माथी.” प्रीती नवखी. बंद करायचं म्हणजे काय करायचं ते शोधताना तिला ही ओळ सापडली आणि तिनं टिचकी मारली. शिवाय ‘दहा दिवस बंद’ अशी पाटीही लावली. अकराव्या दिवशी पाटी आठवणीनं काढली. खूण राहिली. दरवर्षी पर्वात ती पाटी लावायची आणि काढायची, आणि खूण आत तशीच. यंदा पाटीचं विचारलं तर अण्णाच म्हणाले होते, “ऱ्हाऊ दे. कोन येतंय?”

प्रीतीनं सगळं सासूबाईंना सांगितलं.

“मग काढ की ती खूण,” चंदनबाला म्हणाल्या.

“पर्व आहे. अजून पाच दिवस बंदच असायला हवं ना?”

“अगं बाई, हे काय नांगर धरनं हाय व्हय? तीन वर्सं त्या मानसाला कोंडून घातलंस. काढ आधी.”

प्रीतीनं खूण काढली. मग साईटची फेरतपासणी व्हावी अशी विनंतीही धाडली, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. यादीत नाव यायला दिवस लागतात, हे तिला दुसऱ्या कुणाहूनही चांगलं ठाऊक होतं. पण दुसरं एक काम लगेच करता येण्यासारखं होतं. या तीन वर्षांत कुणी विचारलं होतं का?

नुसतं ‘चांदणी’ शोधलं तर साड्या आल्या, लग्नाचे मांडव आले, आकाशातल्या चांदण्या आल्या, कुणा चांदणीच्या वाढदिवसाचा केक आला. तिनं ‘चांदणी जोंधळा’ हे दोन शब्द चिमट्यात धरले. आता ‘चांदणी जोंधळा वडे’ नावाच्या एका पाककृतीची बरीच पानं आली, त्यात चांदणीच्या आकाराचे जोंधळ्याचे वडे होते. तिनं ‘वडे’ शब्दाच्या आधी वजाची खूण लावली. वडे गळाले. चाळणीत एकच दाणा उरला.

शेतकऱ्यांनी एकमेकांना प्रश्न विचारायचं ते एक पान होतं. विचारणारे निवृत्त सुभेदार बिरदेव, मुक्काम साताऱ्याजवळ. दोन वर्षांपूर्वी त्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्या आईच्या माहेरी चांदणी जोंधळा असायचा. कोणाकडे बी असल्यास कळवावे. मी स्वतः येऊन नेईन.’ खाली कुणीतरी सल्ला दिला होता की बाजारात नवी वाणं मिळतात ती घ्या. सहा महिन्यांनी सुभेदारांनी पुन्हा तेच लिहिलं होतं, फोन नंबर जोडून. या आषाढात तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी दोनच शब्द होते: ‘अजून शोधतोय.’

प्रीतीनं ते दोन शब्द किती वेळ बघितले कोण जाणे. ऊन चटईवरून उतरून भिंतीला लागलं होतं. अण्णा आष्ट्यात ओट्यावर बसून वाट बघत होते आणि साताऱ्यात हा माणूस हाका मारत होता, आणि मध्ये तिची एक टिचकी होती. ती रडली. चंदनबाला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फोन लावला.

“सुभेदार साहेब का?”

“सायब कुठलं, बिरदेव म्हना. कोन बोलतंय?”

“मी सांगलीहून प्रीती. तुम्ही चांदणी जोंधळा शोधत होतात...”

पलीकडून हळूच आवाज आला, “हाय का?”

“आहे. माझ्या वडिलांकडं. आष्ट्याला.”

“आष्ट्याला?” सुभेदार हसले की काय झालं ते तिला कळेना. “आवं ताई, आईच्या डोळ्यासाठी दर म्हयन्याला मी तिला मिरजेला नेतोय. गाडी आष्ट्याच्या ष्ट्यांडवर धा मिंटं थांबती. च्या पितो मी थितं. दोन वर्सं च्या पितोय.” मग म्हणाले, “आई नव्वदीला टेकली. हरणाबाई. दिसत न्हाई आता. पन म्हनती, चांदणीची लाही हातात दे, मी वळखीन. म्या म्हनलं, आदी गावू तर दे. कवा येऊ?”

“पर्व झालं की कळवते. वडिलांना सांगायचंय अजून.”

“मूठभर द्या फकस्त. लय न्हाई मागत.”

आणि आता अण्णांना सांगायचं. प्रीतीनं फोन हातात घेतला, अण्णांनी उचललाही, आणि “मी चुकले” हे दोन शब्द तोंडाशी येऊन परत गेले. अशी गोष्ट समोरासमोर सांगायची असते, असं तिनं स्वतःला बजावलं. भित्र्या माणसाला असली कारणं बरी सुचतात. “क्षमावाणीला येते मी,” एवढंच ती म्हणाली. क्षमावाणी म्हणजे पर्व संपल्यानंतरचा दिवस. वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्या सगळ्यांची त्या दिवशी क्षमा मागायची. त्या दिवशी सकाळीच पोचू, बी गिरणीत जायच्या आत, असा तिचा हिशेब होता.

“येतीस?” अण्णांचा आवाज उजळला. “किती सालात आली न्हाईस क्षमावाणीला. ये, ये.”

पुढचे दिवस ती रोज हजेरी घेत राहिली. सहाव्या दिवशी शून्य. सातव्या, आठव्या दिवशी शून्य. नवव्याला शून्य. दहाव्या दिवशी देवळातून परत आल्यावर तिनं बघितलं तर एक पान हजर होतं, कणसाच्या फोटोचं. पांढरं भरलेलं कणीस, आणि कडेला कणसाला आधार देणारा अण्णांचा हात. हा फोटो तिनंच काढला होता. तरी कुणी परगावाहून आल्यासारखी ती त्याच्याकडं बघत राहिली.

क्षमावाणीच्या सकाळी नेमकी एसटी उशिरा आली. आष्ट्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस, आणि वर भाद्रपदातले पांढरे ढग सावकाश चाललेले. काय बोलायचं ते प्रीती मनाशी जुळवत होती, आणि जुळवता जुळवता ढगांत हरवत होती. उसाच्या त्या हिरव्या पसाऱ्यात मधेच एक पांढरी पट्टी तिला दिसल्यासारखी व्हायची, कणसांची, वाऱ्यानं हलणारी; मान वळवून बघावं तर नसायची. स्टँडवर उतरल्यावर चहाच्या टपरीपाशी ती क्षणभर थांबली. इथंच सुभेदार चहा पितात.

घर गाठलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. दार उघडं होतं आणि आतून भाकरीचा वास येत होता. अव्वा गेल्यापासून अण्णा आपली भाकरी आपण करतात, आणि चांगली करतात.

“आलीस? बस, बस. बराबर टायमाला आलीस,” असं म्हणत त्यांनी ताट पुढं सरकवलंच. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, दही. “आदी गरम गरम खा. बोलनं मागनं.”

प्रीतीनं तुकडा मोडून तोंडात घातला. आणि तिला कळलं. ही चव दुसऱ्या कुठल्या जोंधळ्याला नसते.

“अण्णा, हे पीठ?”

“चांदणीचं. गिरणी उघडल्या उघडल्या गेलतो. हातासरशी सगळंच दळून आनलं.” ते तिच्या समोर मांडी घालून बसले होते आणि ती खातेय हे बघत होते. “तू येनार म्हनलीस. म्हनलं, शेवटची चांदणी लेकीनं खावी. अव्वा असती तर तिनंच घातली असती.”

हातातला तुकडा प्रीतीला खाली ठेवता येईना. पानात टाकायचं नाही हे याच घरात ती शिकली होती. तिनं एकेक घास चावून, गिळून, सगळी भाकरी संपवली, आणि तेवढा वेळ तिला एकच दिसत होतं, की पाच दिवसांपूर्वी फोनवर दोन शब्द बोलली असती तर हे ताट इथं नसतं. अण्णांनी दुसरी भाकरी वाढायला हात पुढं केला तेव्हा तिनं तो हात धरला.

“अण्णा, उत्तम क्षमा.”

“उत्तम क्षमा, बाळ,” अण्णा सवयीनं म्हणाले. त्या दिवशी सगळेच सगळ्यांना म्हणतात.

“तसं नाही अण्णा. खरोखरची मागतेय.” आणि तिनं सांगितलं. पाटीचं सांगितलं, खुणेचं सांगितलं, शून्याचं सांगितलं, सुभेदारांच्या दोन शब्दांचं आणि स्टँडवरच्या चहाचं सांगितलं. फोनवर भिऊन गप्प राहिल्याचंही सांगितलं, कारण ते सांगितलं नसतं तर बाकीचं सांगून उपयोग नव्हता.

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती अण्णांनी उतरवली. मग म्हणाले, “म्हंजी कुनाला दिसतच नव्हतं?”

“नाही.”

“तीन वर्सं?”

“हो.”

“मग कोन आलं न्हाई ते...”

“येणार कसं अण्णा? ठाऊकच नव्हतं कुणाला.”

ती त्यांच्या रागाची वाट बघत होती. पण अण्णांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, आणि मग त्यावर दुसरंच काहीतरी आलं. ते तिच्याकडं बघत नव्हते. विहिरीच्या दिशेला, बांधाकडं कुठंतरी बघत होते.

“तुझी क्षमा हाय गं. ल्हान चूक हाय ती, बोटाची,” ते म्हणाले. “माझं काय? तीन वर्सं मी रोज सांजच्याला ओट्यावर बसून लोकांस्नी नावं ठिवली. सगळी आपमतलबी, सगळी पैशाच्या मागं, कुनाला कशाची चाड न्हाई. मनात एवढी आढी धरली. त्यांची क्षमा आता कुनाकडं मागू? कुटं हायत ती?”

प्रीतीनं मोबाईल काढला, चिमट्यात ते दोन शब्द धरले आणि अण्णांपुढं धरला. यादी आली. वर अण्णांचं पान, परवापर्यंत नसलेलं. खाली सुभेदारांचा प्रश्न. आणखी खाली वडे. “इथं असतात अण्णा लोक. इथून येतात.”

अण्णांनी पिठाचे हात पंचाला पुसले. मग त्या एवढ्याशा उजेडाच्या पाटीपुढं दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि देवळात म्हणतात तसं म्हणाले, “उत्तम क्षमा.” वड्यांचीही मागून झाली. प्रीतीला हसू आणि रडू बरोबरच आलं.

डोळे उघडल्यावर ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. येताना त्यांच्या हातात अव्वाचा जुना पितळी डबा होता. झाकण काढून त्यांनी तो तिच्यापुढं धरला. तळाशी कीड लागू नये म्हणून घातलेली राख होती, आणि राखेत दाणे होते, पांढरे, टपोरे, मूठभर.

“डबा रिता करायचा न्हाई म्हनायची ती. काय बी काढलं तरी तळाला मूठभर ठिवायचं. सकाळी ठिवलं असंल मी. माझं ध्यानबी नव्हतं.” ते दाण्यांवरून बोट फिरवत होते. “सुभेदाराला फोन लाव.”

प्रीतीनं लावून दिला. अण्णा ओळखदेख न करता म्हणाले, “सुभेदार, उत्तम क्षमा.”

“आं? कशाची वो?” पलीकडून सुभेदार गोंधळून म्हणाले. “म्या काय केलं?”

“तुमी न्हाई, मी. ते आल्यावर सांगतो. बी दळून बसलो मी. एकच मूठ ऱ्हायलीय. अर्दी तुमची.”

सुभेदार म्हणाले, “अर्दी मूठ लय झाली, अण्णा. आईला ईस दानं देतो, बाकी पेरतो.”

चारच दिवसांनी ते आले, हरणाबाईंना घेऊन, स्टीलचा छोटा डबा घेऊन. यावेळी स्टँडवर चहा प्यायले नाहीत. अण्णांच्या ओट्यावर प्यायले. अण्णांनी चार लाह्या भाजून म्हातारीच्या तळहातावर ठेवल्या. तिनं त्या बोटांनी चाचपल्या, नाकाशी नेल्या, आणि “आमच्या घरातली हाय,” असं म्हणून मूठ मिटून घेतली. खाल्ल्या नाहीत, मिरजेपर्यंत तशाच धरून नेल्या म्हणे. अण्णांच्या वाट्याची अर्धी मूठ पाच गुंठ्यांतल्या एका कोपऱ्यात पेरली गेली. माघात तिची दोन पायली झाली. साताऱ्याकडं पक्ष्यांनी थोडं खाल्लं, तरी पायलीभर आलं. आता चांदणी सहा घरांत आहे. चार म्हणता म्हणता सहा झाली, असं अण्णा येईल त्याला सांगतात.

प्रीती अजून खिडकीशी बसते. ऊन अजून फरशीवरून चटईपर्यंत येतं आणि ती गैरहजर पानांच्या घरांतून फिरत राहते. पण कुठल्याही नव्या साईटचं काम आलं की आधी अण्णांची हजेरी घेते, मग त्या साईटची. पाचही पानं असतात.

पुढच्या वर्षी भाद्रपद लागला तसा तिनं फोन केला. “अण्णा, पर्व आलं. दहा दिवस बंद ठेवायचं ना?”

अण्णांनी थोडा विचार केला.

“पाटी लाव,” ते म्हणाले. “खुनेला हात लावू नको.”